हनुवटी कुणाच्या हाती

आरशात दिसत नाही, पण बोटाला लागतो. गाडी सिग्नलला थांबली की माझा डावा हात आपोआप हनुवटीखाली जातो आणि अंगठा नि तर्जनी तो एक केस शोधत राहतात. सापडला की बरं वाटतं, उपटता आला नाही की चिडचिड होते, आणि शेजारच्या गाडीतलं कुणी बघतंय असं वाटलं की हात गुपचूप स्टिअरिंगवर परत येतो. ज्यांना पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून चेहऱ्यावरही केस उगवतात तो अंडाशयाचा विकार, आहे त्यांना हा चाळा समजावून सांगावा लागत नाही. ज्यांना नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

गेल्या बारा वर्षांत अमेरिकेतल्या तीन राज्यांत राहिले आणि या हनुवटीपायी तिन्ही राज्यांचे इलेक्ट्रोलिसिसचे, म्हणजे केसाच्या मुळाशी विजेची सुई घालून तो मारण्याचे, कायदे वाचले. आयकराचे नियम मी इतक्या आवडीनं कधी वाचले नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये शिकायला होते, तिथून नोकरीसाठी टेक्सासला गेले, आता कॅलिफोर्नियात आहे. सुई तीच, वीज तीच, केस तर तोच. पण सुई धरणाऱ्या हाताबद्दल कायदा काय म्हणतो, ते राज्याची हद्द ओलांडली की पार बदलतं.

सुरुवात लेसरपासून झाली. आई फोनवर म्हणाली, "लेसर कर की, हल्ली सगळ्या करतात." केलं. लेसरचा उजेड केसातल्या काळ्या रंगद्रव्याला शोधत जातो. सावळ्या त्वचेत तेच द्रव्य कातडीतही असतं, म्हणून यंत्र नि हात दोन्ही जाणते लागतात. त्यातून चेहरा आणि हार्मोन्सचा गोंधळ एकत्र आला, तर कधीकधी उलटंच होतं: होती ती मऊ लव जाडजूड केसांत बदलते. डॉक्टरांकडे त्याला नाव आहे, पण मला ते नाव सहा सेशनचे पैसे भरून झाल्यावर कळलं. जबड्याच्या कडेला, जिथं आधी काही नव्हतं, तिथं आता एक रांग उभी होती.

मग एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांच्या, दवाखान्यातली नर्स हळूच म्हणाली, "इलेक्ट्रोलिसिसचा विचार केलाय का?" तिनंच मला शब्दांतला फरक सांगितला. औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या भाषेत लेसरनं होते ती केसांची 'कायमची घट'. 'कायमचं निर्मूलन' हा शब्द फक्त इलेक्ट्रोलिसिसला लावता येतो. जाहिरातीत दोन्ही शब्द एकाच रंगात, एकाच आकारात छापलेले असतात आणि आपण घाईत 'कायमचं' एवढंच वाचतो.

बोस्टनजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका इलेक्ट्रॉलॉजिस्टची, म्हणजे इलेक्ट्रोलिसिस करणाऱ्या बाईची, खोली होती. साठीच्या आसपासची बाई, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, मोठा गोल दिवा, आणि भिंतीवर चौकटीच चौकटी. मी झोपायच्या आधी त्या चौकटी वाचत उभी राहिले. वाचत कसली, सोनेरी शिक्के मोजत होते. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "सगळे तेच बघतात, मोठा कागद. तो शाळेचा आहे. तुम्ही तो छोटा बघा, त्या कोपऱ्यातला. आणि त्याच्या खालची तारीख."

छोटा कागद राज्याचा परवाना होता. रोजच्या बोलण्यात आपण म्हणतो तसं लायसन. दिसायला अगदीच गरीब, बँकेच्या पावतीसारखा. मॅसॅच्युसेट्समध्ये इलेक्ट्रॉलॉजिस्ट व्हायला अकराशे तास शिकावं लागतं. आधी नीटसं ऐकू आलं नाही म्हणून मी परत विचारलं. "अकराशे," ती म्हणाली, "आणि त्यातले पहिले कित्येक तास तर नुसतं सुई आत घालायला शिकण्यात गेले. वीज नाहीच. नुसती सुई."

हे का, ते तिच्या हाताखाली पडल्यावर कळलं. केस त्वचेतून सरळ वर येत नाही, तिरका येतो. कधी वळण घेऊन. तो ज्या पिशवीतून उगवतो, त्या पिशवीत त्याच्याच शेजारून सुई सरकवायची असते, कातडीला भोक न पाडता. सुई तरी केवढी! चार नंबरची म्हणजे इंचाचे चार हजारांश, मिलिमीटरचा साधारण दहावा भाग. नीट गेली तर आत जाताना काही जाणवतच नाही. टोचल्यासारखं वाटलं तर समजावं, वाट चुकली. तळाशी पोचली की पायातलं पॅडल दाबायचं, वीज सोडायची, आणि मग चिमट्यानं केस उचलायचा. उचलायचा हा शब्द तिचा. उपटायचा नाही. केस मेला असेल तर तो लोण्यातून निघाल्यासारखा निघतो. ओढ जाणवली, तर तो केस मेलेला नाही, नुसता उपटला आहे, आणि उपटलेला केस परत येतो. एवढं काम दोरा घेऊन मी घरीही करू शकले असते.

आत काय होतं, तेही तिनं एकदा काम करता करता सांगितलं. मी तोंड हलवू शकत नव्हते, म्हणून फार चांगली श्रोती होते. जुनी पद्धत गॅल्व्हॅनिक. सुईतून एका दिशेनं वाहणारा अगदी बारीक प्रवाह सोडला की पिशवीतलं मीठ आणि पाणी फुटून कॉस्टिक सोडा तयार होतो. होय, तुंबलेलं मोरीचं भोक मोकळं करायला टाकतात तोच, पण थेंबाच्याही थेंबाइतका. तो केसाचं मूळ विरघळवतो. या सोड्याचं मापही या लोकांनी ठरवलंय: एक दशांश मिलिअँपिअर एक सेकंदभर वाहिला की एक युनिट. दुसरी पद्धत थर्मॉलिसिस. तिच्यात सोडा नाही, रेडिओलहरींसारखा वेगानं उलटसुलट होणारा प्रवाह तिथलं पाणी तापवतो आणि मूळ शिजतं. ती झटपट होते. तिसरी दोन्हींची मिसळ, ब्लेंड. सोडा तापला की जोरात काम करतो, एवढीच त्यामागची अक्कल. हेन्री सेंट पिएर आणि आर्थर हिंकेल या दोघांना त्याचं पेटंट 1948 साली मिळालं. आणि या सगळ्याचं मूळ सौंदर्यात नाहीच. सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांच्याकडे पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासणारे रुग्ण यायचे. ते केस उपटले तरी परत यायचे. त्यांनी बॅटरीला सुई जोडून ते मुळापासून मारले आणि 1875 साली ते छापून आणलं. मला ही गोष्ट फार आवडते. पापणीवर, डोळ्यापासून केसभर अंतरावर, विजेची सुई धरायची. तो हात कसा असेल!

तर अकराशे तासांचा तो हात मला दीड वर्ष मिळाला. दर केसाची उगवण, थांबणं नि गळणं हे चक्र वेगळं असतं, आणि वाढीच्या काळात सापडलेला केसच नीट मरतो. म्हणून परत परत जावं लागतं. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्यानं, मग महिन्यानं. रांग विरळ होत गेली. मग नोकरी लागली आणि मी टेक्सासला गेले.

टेक्सासमध्ये मी आधी तेच केलं जे तिनं शिकवलं होतं. राज्याच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर गेले आणि 'इलेक्ट्रॉलॉजिस्ट' शोधलं. काहीच नाही. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून परत टाइप केलं. मग कळलं, शोध बरोबर होता. टेक्सासमध्ये इलेक्ट्रोलिसिसला परवानाच लागत नाही. लेसरनं केस काढायला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यातही उमेदवारापासून वरपर्यंत पायऱ्या आहेत. नखं रंगवायची असतील तर सहाशे तास शिकून परवाना घ्यावा लागतो. पण चेहऱ्यात सुई घालून कॉस्टिक सोडा तयार करायचा असेल, तर शून्य तास. न्यूयॉर्कमध्येही तसंच आहे: वॅक्सिंगला राज्याचा परवाना, इलेक्ट्रोलिसिसला नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत परवाना आहे, पण त्यांच्यातही मेळ नाही. फ्लोरिडा तीनशे वीस तास मागतं, कॅलिफोर्निया सहाशे, मॅसॅच्युसेट्स अकराशे. कुठं हे खातं केशकर्तनाच्या मंडळाकडे, कुठं आरोग्य विभागाकडे. फ्लोरिडात ते वैद्यकीय मंडळाच्या हाताखाली आहे. नॉर्थ कॅरोलायनात तर फक्त इलेक्ट्रोलिसिससाठी वेगळं परीक्षक मंडळ. आणि कनेक्टिकटमध्ये या लोकांना कायद्यानं 'हायपरट्रिकॉलॉजिस्ट' म्हणतात. तिथं राहणारी मैत्रीण मला एकदा म्हणाली, "आमच्याकडे इलेक्ट्रॉलॉजिस्टच नाहीत गं, यादीत कुणी सापडत नाही." नाव माहीत नसेल तर सापडणार कसं?

कायदा नाही म्हणून माणसं नसतात असं नाही. शोधल्यावर एक ठिकाण मिळालं. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात 'सर्टिफाइड'. भिंतीवर चौकटही होती, सोनेरी शिक्क्यासकट. आता या वाक्याशी मी थांबते, कारण सगळी गोम इथं आहे. सर्टिफाइड म्हणजे कुणीतरी सर्टिफिकेट दिलं. कुणी, हे मी विचारलं नाही. नंतर, सगळं होऊन गेल्यावर, त्या चौकटीतली बारीक अक्षरं वाचली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं यंत्रासोबत घेतलेल्या कोर्सचं ते प्रमाणपत्र होतं. कोर्स किती दिवसांचा, तेही खाली लिहिलं होतं. दोन.

पहिल्याच दिवशी सुई आत जाताना टोचली. मला कळलं होतं. केस ओढताना ओढ जाणवली, तेही कळलं होतं. दीड वर्ष एका जाणत्या हाताखाली काढलेली बाई मी, मला सगळं कळत होतं. तरी मी गप्प बसले. चार वेळा गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. हनुवटीवर केस आहेत ही गोष्टच इतक्या खालच्या आवाजात बोलायची असते, की ते काढणाऱ्या बाईला "तुमचं चुकतंय" म्हणायला आवाज उरतच नाही. आपण तिच्याकडे तक्रार घेऊन गेलेलो नसतो, गुपित घेऊन गेलेलो असतो. आणि जिच्याकडे आपलं गुपित आहे, तिच्याशी कोण भांडतं?

चौथ्या वेळेनंतर खपल्या धरल्या. थोड्या खपल्या धरतातच, पण या गेल्या आणि खाली बारीक खड्डे राहिले. उजव्या बाजूला तीन, आडव्या उजेडात अजून दिसतात. केस तर सगळे परत आले. मग मी तक्रार करायला बसले आणि लक्षात आलं, मंडळच नाही. परवानाच नाही, तर तो रद्द कोण करणार? दुकानाचं बिल फुगवलं असतं तर ग्राहक तक्रारीचा मार्ग होता, पण माझी तक्रार बिलाची नव्हती, हाताची होती. हाताचा हिशेब घेणारं त्या राज्यात कुणी नव्हतं.

तोवर परवाना म्हणजे सरकारी कटकट असंच मला वाटायचं. आपल्या रक्तातच ते आहे: कागद म्हणजे खेटे, खेटे म्हणजे खिडकीमागचा माणूस. त्या दिवसांत रात्री झोप येईना, म्हणून वाचत बसले आणि 1920च्या दशकातल्या ट्रायकोची हकीकत सापडली. न्यूयॉर्कचे डॉक्टर अल्बर्ट गायझर यांनी क्ष-किरणांनी केस घालवणारं यंत्र काढलं होतं. ट्रायको कंपनी ते यंत्र ठिकठिकाणच्या ब्यूटी पार्लरना भाड्यानं द्यायची आणि ते चालवायचं कसं हे शिकवायचीही तीच. बाई पेटीसमोर बसायची, काही दुखायचं नाही, काही जाणवायचंच नाही, आणि काही बैठकींनंतर केस गळून जायचे. जाहिरात काय करावी लागणार? बायकाच एकमेकींना सांगत सुटल्या. मग काही वर्षांनी कातडी सुरकुतायला लागली, पांढरे डाग आले, न भरणारे व्रण झाले. अनेकींना पुढे कॅन्सर झाला. कंपनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, पण तसली यंत्रं कुठं कुठं लपूनछपून त्यानंतरही चालू राहिली.

मला त्या गोष्टीत खुपलं ते क्ष-किरण नाही. त्या काळात लोक त्याला भुलणारच. खुपलं ते हे, की यंत्र विकणाराच शिकवणारा होता आणि तोच भरवसा देणारा. शंभर वर्षांनी माझ्यासमोर भिंतीवर नेमकं तेच टांगलेलं होतं.

तेव्हापासून भिंतीवरचे कागद मी तीन ढिगांत वाचते. शाळेचा कागद सांगतो, बाई शिकायला गेली होती. राज्याचा परवाना सांगतो, ठरलेले तास भरले, परीक्षा दिली, आणि काही वाईट केलं तर कुणाकडे तरी तिची फाइल आहे. तिसरा कागद व्यवसायाच्या संघटनेचा. अमेरिकन इलेक्ट्रॉलॉजी असोसिएशन 1958पासून आहे. तिची परीक्षा दिली की नावापुढे सी.पी.ई. लावता येतं, आणि ते पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. सोसायटी फॉर क्लिनिकल अँड मेडिकल हेअर रिमूव्हल नावाची दुसरी संघटना आहे, तिची पदवी सी.सी.ई. या सक्तीच्या नाहीत. आणि म्हणूनच, जिथं कायदा काही मागत नाही, तिथं कुणी आपणहून ती परीक्षा दिली असेल तर ते लक्षात घ्यावं. चौथा ढीगही असतो, पण तो फक्त सोनेरी शिक्क्यांचा.

टेक्सासमध्येच मला पुढे सी.पी.ई. असलेली एक बाई मिळाली. दुसऱ्या राज्यात शिकून आलेली. राज्य काही विचारत नसताना तिच्या खोलीत चिमटे वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह होता, त्याच्या तपासणीची वही होती, प्रत्येक सुई माझ्यासमोर पाकीट फाडून काढलेली आणि वापरून झाल्यावर धारदार कचऱ्याच्या लाल डब्यात. पहिल्या दिवशी तिनं केसाला हातच लावला नाही. अर्धा तास नुसते प्रश्न: पाळी, औषधं, केलॉइड, म्हणजे फुगून वाढणारे व्रण, होतात का, हृदयात पेसमेकर आहे का, आधी कुठं काय केलं. मग जबड्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दहाबारा केस काढले आणि म्हणाली, "आता दोन आठवडे बघू कातडी काय म्हणते." मी उजव्या बाजूचे खड्डे दाखवले. ती बघत राहिली, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "माझ्या राज्यात मला हे करायला सहाशे तास लागले. इथं आले तेव्हा कुणी एकही कागद मागितला नाही. मला बरं वाटायला हवं होतं ना?"

म्हणजे परवाना नसलेल्या राज्यात चांगला हात असतो. उलटंही असतं, हे कॅलिफोर्नियानं शिकवलं.

इथं सगळं कसं आखीव आहे. परवाना बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी मंडळाचा, दर दोन वर्षांनी नवा करायचा, कामाच्या जागी दिसेल असा लावायचा. दुकानाचा परवाना वेगळा. लेसर मात्र इलेक्ट्रॉलॉजिस्टच्या हातात देता येत नाही, ते इथं वैद्यकीय काम आहे. राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे की संपला, कधी संपतो, मंडळानं काही कारवाई केली आहे का, सगळं समोर येतं. नाव टाकताना अंगात जरा चोरटेपणा येतो. लग्नासाठी स्थळाची चौकशी करतोय असं वाटतं. पण पहिल्या भेटीला जायच्या आधी दोन मिनिटं मी आता हे करतेच. आणि फोनवर विचारते, "तुमचा परवाना क्रमांक सांगाल का?" चांगली बाई लगेच सांगते. जी आधी "का?" म्हणते, तिथं मी जात नाही. हा नियम कुठल्या मंडळाचा नाही, माझा आहे, आणि कदाचित अन्यायाचाही असेल.

तर कॅलिफोर्नियातली पहिली बाई संकेतस्थळावर धुतल्या तांदळासारखी होती. परवाना चालू, कारवाई शून्य. पण खोलीत उजेड नाही, भिंग जुनं, आणि हाताला घाई. पंधरा मिनिटांच्या त्या बैठकीत चार वेळा टोचलं. पूर्वीची मी असते तर परत गेले असते. या वेळी म्हटलं, "मला ओढ जाणवतेय." ती म्हणाली, "थोडी जाणवणारच." मी उठून पैसे दिले. जिन्यात पोचल्यावर पाय लटपटत होते, जणू काहीतरी धाडसाचं केलं होतं.

परवाना कशाची हमी देतो? सहाशे तास भरल्याची. पाठ्यपुस्तक वाचल्याची. सुई एकदाच वापरायची, चिमटा निर्जंतुक करायचा, हे माहीत असल्याची. ही हमी लहान नाही. हेपॅटायटिसचा विचार मनात आला की ती फार मोठी वाटते. पण हात कसा आहे, हे तो सांगत नाही. कॅलिफोर्नियानं तर 2022पासून मंडळाची प्रात्यक्षिक परीक्षाच काढून टाकली, आता लेखीच. त्यामागे कारणं होती, परीक्षेसाठी लोक महिनोन् महिने थांबायचे. तरी माझ्या हनुवटीला विचाराल तर तिला हे पटलेलं नाही. म्हणून मी दोघी-तिघींकडे पंधरा-पंधरा मिनिटं जाऊन येते आणि मगच ठरवते. एकीकडे अर्धा तास घालवण्यापेक्षा तिघींकडे पाव-पाव तास जास्त शिकवतो. आणि 'अजिबात दुखत नाही' असं कुणी म्हटलं की मी सावध होते. विजेचा चिमटा नुसता केसाला लावायचा, सुईच नको, असं एक खूळ मध्यंतरी बरंच चाललं होतं. केस विजेचा फार वाईट वाहक. त्या चिमट्यानं केस कायमचे जातात याला पुरावा नाही, असं एफडीएनं स्पष्ट म्हटलेलं आहे. तरी ते चिमटे विकले गेलेच. न दुखण्यापायी माणूस काय काय विकत घेतो.

आता जिच्याकडे जाते, तिच्या बाहेरच्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत. मागच्या वर्षी बऱ्याचदा माझ्या आधीची वेळ एका उंच, खोल आवाजाच्या बाईची असायची. शस्त्रक्रियेच्या आधी तिला शरीराच्या एका भागावरचे सगळे केस काढून हवे होते आणि दाढीचे तर शेकडो तास चाललेच होते. माझी एक रांग. तिचं अख्खं शेत. तिचा खर्च विमा कंपनी देत होती, पण इलेक्ट्रॉलॉजिस्टचा परवाना क्रमांक असेल तरच. दर अर्ध्या तासाला एक ठरलेला आकडा फॉर्मवर लिहायचा असतो: 17380. तिला तो पाठ होता. ती आधी ज्या राज्यात होती तिथं परवानाच नव्हता, त्यामुळे फॉर्ममधला तो एक रकाना कायम रिकामा, आणि प्रत्येक दावा परत. "उत्तम काम करणारी बाई होती," ती म्हणाली, "पण तिच्याकडे रकान्यात भरायला काही नव्हतं." मी तिला माझे तीन खड्डे दाखवले. दोघी हसलो. सुई ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यात फार ओळख लागत नाही.

गेल्या महिन्यात झोपायच्या आधी सवयीनं मी कोपऱ्यातला छोटा कागद बघितला. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

पोटात काहीतरी हललं. दोन वर्षं हिच्या हाताखाली आहे, रांग जवळपास संपलीये, टोचलेलं एकदाही आठवत नाही. न विचारताच झोपावं, असं एका मनानं म्हटलं. संकेतस्थळावर तरी आधी बघायला हवं होतं, पण दोन वर्षं झाल्यावर कोण बघतं? मी पर्स खुर्चीवर ठेवली, परत उचलली.

"तुमचा परवाना..." एवढंच म्हणाले आणि तिकडे बोट केलं.

तिनं वळून पाहिलं. कपाळावर हात मारला. मग टेबलाचा खण ओढून आतून एक न फोडलेलं पाकीट काढलं, राज्याच्या शिक्क्याचं. "तीन आठवडे झाले येऊन. चौकटीचे स्क्रू गंजलेत, म्हणून राहून गेलं." तिनं पाकीट फोडून कागद माझ्या हातात दिला. तारीख दोन वर्षांपुढची होती. मग नखं कापायच्या किटमधली कानस घेऊन ती स्क्रूशी झगडायला लागली आणि मला म्हणाली, "जरा धराल का?"

मी दोन्ही हातांनी चौकट भिंतीला दाबून धरली. जुना कागद निघाला, नवा सरकला. काच जराशी तिरकी बसली. तिनं हात धुतले, हातमोजे घातले, माझ्यासमोर सुईचं पाकीट फाडलं आणि दिवा ओढला.

"डावीकडे एक आहे," मी म्हणाले. "सिग्नलला सापडला."